पहिलं पाणी हौदात नको

जूनचा दुसरा रविवार, सत्त्याण्णव साल. स्थळ: मानेसरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेल्यावर लागणारा वन्सांचा गोठा. हजर: वन्सं, हे, मी, गोठ्यावर राहणारा गवळी आणि त्याची बायको, गावातला मिस्त्री, बारा म्हशी, त्यांतल्या दोन गाभण. गैरहजर: आमची मुलगी, कारण तिचा क्लास होता, आणि वन्सांचा मुलगा, कारण तो अमेरिकेत होता. खरं तर त्या दिवशीची सगळी धावपळ त्या दुसऱ्या गैरहजर माणसामुळेच चालली होती.

हजेरी घ्यायची मला सवय आहे. तेव्हा मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत होते. रजा, हजेरी, कोण कुठे बसलं आणि कोण कुठे गेलं, हेच माझं दिवसभराचं काम. ते गोठ्यावरही सुटायचं नाही. आमची गाडी फाटकातून आत आली की गवळी बायकोला ओरडून सांगायचा, “आगी दफ्तर आळी भाभी! भैंसां नै लैन मैं खड़ी कर, हाजरी लागैगी!” दफ्तरवाली भाभी म्हणजे मी.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान लष्करात जनावरांचे डॉक्टर होते. जन्मभर छावण्यांमधून फिरले आणि निवृत्तीनंतर पुण्याला परत न जाता इथे जमीन घेऊन बसले. त्यांनी जमीन घेतली तेव्हा तिथून नजर जाईल तिथवर मोहरी होती. पुढे मोटारींचे कारखाने आले, त्यांच्यामागून सुट्या भागांचे कारखाने आले, कामगारांच्या बसगाड्या धावू लागल्या, आणि मोहरीच्या शेतांतून दोऱ्या लावून प्लॉट पाडलेले दिसू लागले. या सगळ्याला पाणी लागत होतं आणि ते सगळे जमिनीतूनच काढत होते. वन्सांचे यजमान गेले त्या वर्षापासून गोठ्याची बोअर आधी वाळू आणि मग खारं पाणी द्यायला लागली. म्हशी धुवायला ते चालायचं. प्यायला दिलं की म्हशी तोंड लावायच्या, मान वर करायच्या आणि वन्सांकडे बघायच्या. दूध उतरायचं. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागायचा, आणि टँकरवालाही कारखान्यांची गिऱ्हाइकं सांभाळून उरल्या वेळात यायचा.

मुलाचं म्हणणं एकच होतं: विकून टाक आणि माझ्याकडे ये, नाहीतर निदान मामाकडे राहा. दर फोनला तेच. शेवटी वन्सांनी त्याला शब्द दिला. “येत्या उन्हाळ्यात एक जरी टँकर या फाटकातून आत आला, तर मी विकीन. नाही आला, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाही.” त्यांचा स्वभाव आम्हाला माहीत होता. शब्द दिला म्हणजे दिला. वन्सं त्या जागेवर राहणार की नाही, हे एका टँकरवर आलं होतं.

म्हणून पावसाचं पाणी. गोठ्याचं पत्र्याचं छप्पर चांगलं लांबरुंद होतं. त्याच्या कडेने पन्हळ लावायची, पाणी एका बाजूला आणायचं आणि जमिनीखाली बांधलेल्या मोठ्या हौदात साठवायचं. वरून स्लॅब, म्हणजे ऊन नको आणि शेवाळ नको. तो हौद होळीपर्यंत उघडायचा नाही. होळीपासून पुढचा पाऊस येईपर्यंत म्हशींना प्यायला तेच पाणी, बाकी सगळ्याला बोअर. हे इंजिनिअर, त्यामुळे नकाशा त्यांचा. खरेदी आणि कामांची यादी माझी. पैसे आणि हट्ट वन्सांचे.

त्या रविवारी खड्डा खणून झाला होता, भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि पन्हळ बसत होती. घरी मुलीला मी ‘पन्हळ’ म्हटलं तर ती म्हणाली, “ते काय असतं? अच्छा, वो पाइप?” दिल्लीत वाढलेली पोर, मी सोडून दिलं. शब्दांच्या बाबतीत आपण मोठी माणसं पक्की आहोत, असं मला तेव्हा वाटत होतं.

आम्ही काम बघत असतानाच एक पांढरी गाडी फाटकाशी थांबली आणि प्रॉपर्टी डीलर उतरला. हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल. तेव्हा मोबाइल हातात धरून चालण्याची पद्धत होती, खिशात ठेवायची नाही. त्याने वाकून वन्सांच्या पायांना हात लावल्यासारखं केलं, खड्ड्यात डोकावला आणि विचारलं, “आंटीजी, स्विमिंग पूल बनवा रहे हो?”

“भैंसों के लिए,” वन्सं म्हणाल्या. “तुम्हारी कॉलनी में होगा क्या?”

“होगा जी, होगा. आपके नाम का गेट लगवा देंगे.” मग जरा गंभीर होऊन म्हणाला, “आंटीजी, पानी तो यहाँ से जाएगा ही. आप उससे पहले चली जाइए, रेट अच्छा मिल जाएगा.”

वन्सांनी मिठाईचा डबा उघडून गवळ्याच्या बायकोच्या हातात दिला. “बच्चों को दे दो. और इनको खारा पानी पिलाओ, इनकी कॉलनी का ही है.”

डीलर मनापासून हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त घाई नव्हती, आणि आम्हाला होती.

तो गेल्यावर ह्यांनी पन्हळीच्या टोकाशी उभं राहून सगळ्यांना समजावलं. तिथे पाण्याला दोन वाटा होत्या. एक खाली हौदात जाणारी आणि दुसरी बाहेर शेतात. शेताकडच्या वाटेला लाकडी दट्ट्या ठोकला होता. पहिला पाऊस झाला की छपरावरची घाण धुऊन येणार. शेजारच्या शेतात वैशाखात मळणीचं यंत्र चालायचं, त्याचा भुसा उडून आमच्या पत्र्यावर बोटभर साचलेला असायचा. त्यात कारखान्याची काजळी, कबुतरांची घाण. ते पाणी साठवायचं नाही, दट्ट्या काढून शेतात सोडायचं. हे मराठीत सांगत होते, मधूनच इंग्रजीत, मधूनच हिंदीत. मिस्त्री मान हलवत होता. गवळी एका म्हशीच्या पायातली दोरी सोडवत होता. शेवटी वन्सांनी नेहमीप्रमाणे सगळ्याचं एका वाक्यात सार काढलं आणि गवळ्याला खणखणीत आवाजात सांगितलं:

“सुनो. पहली बारिश का पानी हौद में बिल्कुल नहीं जाना चाहिए. एक बूँद भी नहीं. समझे?”

“समझ ग्या, माँजी. ना जाण द्यूँ.”

“पक्का?”

“भैंस की सौं,” म्हशीच्या पाठीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली.

मी यादीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली. सूचना दिली, समजली, संपलं.

पाऊस जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला, एका दुपारी, धो धो. आम्ही दोघं आपापल्या कार्यालयात. संध्याकाळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये परतलो तेव्हा बाजारातले कपडेवाले ओले ढीग ताडपत्रीवर पसरून बसले होते. फोन वाजला. वन्सं.

“अगं, झाला हो पाऊस! सणसणीत.”

“पहिलं पाणी सोडलं का?”

“विचारलं मी त्याला. म्हणाला, हौदात एक थेंब जाऊ दिला नाही. बिचारा भिजून नुसता चिंब झाला होता. आल्याचा चहा पाजला मी त्याला.”

हे माझ्या मागून ओरडले, “ताई, आता दट्ट्या घट्ट ठोकायला सांग!”

“दट्ट्या ठोकलेलाच आहे, मी बघून आले,” वन्सं म्हणाल्या.

आम्हाला हायसं वाटलं. दट्ट्या ठोकलेला असणं हीच तर वाईट बातमी होती, आणि ती आम्ही आनंदाने ऐकून घेतली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. भाद्रपदात हौद काठोकाठ भरला. पाणी गढूळ होतं, वर काड्या तरंगत होत्या. हे म्हणाले, बसेल खाली. मिस्त्रीने झाकण लावून कडेने सिमेंट फिरवलं. वन्सं त्या स्लॅबवर संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला लागल्या. मुलाचा फोन आला की म्हणायच्या, “मी कुठे बसलेय ठाऊक आहे? पाण्यावर.”

हिवाळा असाच गेला. बोअरचं पाणी आणखी खाली गेलं, पण हिवाळ्यात म्हशी कमी पितात आणि खारं पाणीही चालवून घेतात. होळी झाली. होळीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे जमलो, या वेळी मुलगीही. वन्सांनी स्लॅबवर हळदकुंकू वाहिलं. मिस्त्रीने सिमेंट फोडलं आणि झाकण सरकवलं.

वास आला. मी वर्णन करत नाही. मुलगी पदरात तोंड लपवावं तशी माझ्या मागे शिरली. गवळ्याने बादली सोडली, वर काढली. पाणी काळपट होतं आणि बादलीच्या कडेला चिकट गाळ लागला होता. भुसा. पावसाळाभर साठवलेलं पाणी आतल्या आत कुजलं होतं.

वन्सांनी बादली स्वतः उचलली आणि सगळ्यात शांत म्हशीपुढे नेऊन ठेवली. म्हशीने हुंगलं, फुरफुरली आणि मान फिरवली. दुसरीनेही तेच. तिसरी, जी गाभण होती, तहानलेली असावी. तिने दोन घोट घेतले आणि वन्सांनीच घाईने बादली ओढून घेतली. पुढे पंधरवड्यात तिचा गाभ पडला. डॉक्टर म्हणाले, पाण्यानेच असं सांगता येत नाही. वन्सं म्हणाल्या, पाण्याने नाही असंही सांगता येत नाही.

हे गवळ्यावर भडकले. ते सहसा भडकत नाहीत, त्यामुळे त्यांना ते नीट जमत नाही. आवाज फक्त चिरका होतो. “पहला पानी छोड़ने को बोला था ना? बोला था कि नहीं?”

गवळीही तडकला. “बोल्या था! हौद मैं ना जाण दिए, न्यूँ बोल्या था. माँजी नै पूछ ल्यो. तो कित गया हौद मैं? एक बूँद कोनी गई! तिरपाल बाँध राख्या था मन्नै हौद पै, दोनूँ कानी तै पकड़ कै खड्या रह्या, बुखार चढ़ ग्या था.”

“हौद पे तिरपाल? हौद पे तो स्लैब है!” हे.

“कौण सा सिलैब?”

“ये!” ह्यांनी पायाखालच्या स्लॅबवर पाय आपटला.

गवळ्याने स्लॅबकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. “यो तो टाँका सै जी.” मग हात लांब करून गोठ्याच्या भिंतीलगतच्या सिमेंटच्या लांबट, उथळ कुंडाकडे बोट दाखवलं. म्हशी त्यातून पाणी पितात. “हौद वो रह्या.”

त्या भागात म्हशी ज्यातून पितात तो हौद. जमिनीखाली पाणी साठवतात तो टाँका. आम्ही तिघं पुण्याची माणसं. आमच्या लहानपणी पेठेपेठेत हौद होते आणि त्या हौदांत पाणी साठलेलं असायचं. आमच्या तोंडी दुसरा शब्द येणारच नव्हता. हिंदी आम्ही घराबाहेर पडलं की बोलायचो, भाजीवाल्याशी, शिपायाशी, साहेबाशी, आणि फार छान बोलतो असं आम्हाला वाटायचं. हौद हा शब्द हिंदीतही आहे, हे माहीत असल्यामुळे तर तो बदलायचं कुणाला सुचलंच नाही. अगदी परका शब्द असता तर गवळ्याने विचारलं असतं, “वो के हो सै?” हा ओळखीचा होता, म्हणून त्याने मान हलवली.

आणि त्याच्या बाजूने सगळं बरोबरच होतं. गोठ्याच्या त्या बाजूच्या पत्र्याचं थोडं पाणी पूर्वीपासून थेट कुंडात गळायचं. माँजींनी सांगितलं की या वर्षी पहिल्या पावसाचं तिथे जाऊ द्यायचं नाही. त्याने ताडपत्री धरली. बाकीचं पाणी, भुशासकट, पन्हळीतून टाँक्यात गेलं. जायचंच होतं तिथे. एवढा खर्च करून टाँका त्यासाठीच तर बांधला होता.

गवळ्याची बायको तोंडावर पदर धरून उभी होती. ती आधी हसत असावी असं मला वाटलं, पण ती रडत होती. गोठा गेला तर त्यांचं घरही जाणार होतं.

मग गवळ्याने मला विचारलं. टोमणा नव्हता, खरंच कुतूहल होतं. “भाभीजी, एक बात बताओ. थारे मैं टाँके नै हौद कहवैं, तो हौद नै के कहवैं?”

मला सांगता येईना. गव्हाण म्हणावं तर ती वैरणीची. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे.

“डोण,” वन्सं म्हणाल्या. स्लॅबवर खुर्ची टाकायची ती जागा सोडून त्या पायरीवर बसल्या होत्या. “माझ्या सासरी डोण म्हणायचे. म्हशीची डोण. आणि हौदाला टाकं.” मग म्हणाल्या, “टाकं म्हटलं असतं तरी कळलं असतं की गं त्याला.”



पुढच्या दोन रविवारी आम्ही पंप लावून टाकं उपसलं. पाणी शेताच्या कडेला सोडलं, तिथे आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मी यादी केली: गाळ काढणे, भिंती घासणे, चुना लावणे, दट्ट्याच्या जागी चावी बसवणे. पुढच्या पावसाळ्यासाठी सगळं तयार करता आलं असतं. मी तसं वन्सांना म्हटलंही. “हे वर्ष धरू नका. शब्दाचा अर्थ पाणी साठवता येतं की नाही असा होता. साठवता येतं, हे दिसलं ना आपल्याला.”

“शब्दाचा अर्थ,” वन्सं म्हणाल्या, “तू मला सांगू नकोस बाई. एका शब्दाने पोट भरलंय माझं.”

हे म्हणाले, “ताई, भाच्याला मी समजावतो. तो काही टँकर मोजायला येत नाही.”

“तो नाही येत. मी आहे ना इथे.”

वैशाखात टँकर आला. वन्सांनी फाटक स्वतः उघडलं. ड्रायव्हर नवीन होता, त्याने विचारलं, “किसमें डालूँ, माताजी?” वन्सांनी कुंडाकडे बोट दाखवलं, नाव घेतलं नाही. संध्याकाळी त्यांनी आधी मुलाला फोन केला आणि मग डीलरला.

म्हशी गावातल्या दोन घरांत गेल्या. गाभ पडलेली कुणी घेईना, ती गवळ्याने ठेवली आणि नवरा-बायको तिला घेऊन आपल्या गावी परत गेले. काही वर्षांनी तो मला सरोजिनी नगरच्या बाजारात भेटला, एका कारखान्याच्या चौकीदाराच्या गणवेशात, नातवंडांसाठी स्वेटर घेत होता. “भाभीजी, हाजरी ला ल्यो, हाजर सूँ,” म्हणाला. म्हैस नंतर दोनदा व्याली, हे त्याने आपणहून सांगितलं. ते मी घरी येऊन वन्सांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, “दोनदा ना? नक्की?”

वन्सं तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. आधी क्वार्टरमध्ये, आता आम्ही निवृत्तीनंतर घेतलेल्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर. इमारतीला पावसाचं पाणी जमिनीत सोडायची व्यवस्था आहे. बिल्डरने माहितीपत्रकात तिचं चित्र छापलं होतं. पहिल्या मोठ्या पावसाला वन्सं गॅलरीत जाऊन खाली बघतात आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला इंटरकॉमवर विचारतात, “गच्ची धुवून घेतली होती ना?” तो दरवर्षी “हाँ जी, आंटीजी” म्हणतो. त्यावर त्या इंटरकॉम ठेवतात. “हाँ जी” म्हणजे काय, याची खात्री करून घ्यावी असं त्यांना वाटत असणार. करत नाहीत.

एक गोष्ट राहिली आहे. विक्रीच्या वेळी डीलरने सांगितलं होतं, “टाँके में मलबा भरवा देंगे, आंटीजी, चिंता मत करो.” भरला की नुसता झाकून टाकला, हे आम्ही कुणी पाहिलं नाही. तिथे आता वसाहत आहे. जिथे गोठा होता त्या बाजूला गाड्या उभ्या राहतात असं ऐकते. ती स्लॅब म्हशींच्या आणि वन्सांच्या खुर्चीच्या हिशेबाने घातली होती, गाड्यांच्या नव्हे, असं हे म्हणतात, आणि मग म्हणतात, भरलाच असेल. वन्सांची विचारणा वेगळी असते. “अगं, भरला नसेल तर त्यात पाणी असेल का गं आता? स्वच्छ?”

एकदा त्यांना तिकडे नेऊन आणायचं. वसाहतीच्या माणसांना खाली काय आहे ते सांगायचं, आणि जमिनीवर पहार आपटून पोकळ वाजतं का ते बघायचं. पावसाळ्यानंतर जाऊ, थंडी पडल्यावर जाऊ, वन्सांचा गुडघा बरा झाल्यावर जाऊ, असं करत प्रत्येक वर्षीच्या यादीतून ते पुढच्या वर्षीच्या यादीत जातं. सांगायचं तर टाकं म्हणायचं की टाँका, तेही मी लिहून ठेवलं आहे. जाणं तेवढं अजून झालेलं नाही.